शिळी स्क्रीन

उत्तमराव होल्यांनी लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलला, तळहातावर तोलला, त्याच्या पाठीवर टिचकी मारली आणि कान जवळ नेऊन आवाज ऐकला. दुकानातल्या चंदनने आजवर लॅपटॉप उघडून पाहणारी माणसं पाहिली होती. वाजवून पाहणारा माणूस हा पहिलाच. त्याने हातातला चहा खाली ठेवला.

"काका, काय पाहून राहिले?"

"भरलेला आहे का पोकळ, ते पाहून राहिलो. तू आपलं काम कर."

अमरावतीच्या इतवारा बाजारात उत्तमरावांचं भाजीचं दुकान तीस वर्षांपासूनचं. कलिंगड वाजवायचं, कोबी दाबायची, भेंडीचं टोक मोडून पाहायचं, आणि एकदा का माल पसंत पडला की मग प्रत्यक्ष ब्रह्मदेव आला तरी त्याचं ऐकायचं नाही. त्यांची पारख कधी चुकली नव्हती. निदान चुकली असं त्यांच्या तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती. अशा माणसाला लॅपटॉप घ्यायला सोबत न्यायचंच नाही, असं त्यांच्या मुलीनं, दामिनीनं, मनाशी पक्कं ठरवलं होतं. पण "माल घ्याले जायचं अन् मी नाही?" असं म्हणून उत्तमराव गाडीत तिच्या आधी जाऊन बसले होते.

दामिनीला लॅपटॉप हवा होता तो मांडवाच्या सजावटीच्या कामासाठी. नांदगाव खंडेश्वरच्या रस्त्याला होल्यांची शेती होती, त्यात दोन एकर पांढरी शेवंती. ती बाजारात ढिगानं विकण्यापेक्षा लग्नाचे मांडवच आपण सजवावेत, हे दामिनीच्या डोक्यातून निघालेलं. तिनं त्याचं शिक्षणही घेतलं होतं. एकही फूल तोडण्याआधी अख्खा मांडव ती कॉम्प्युटरवर उभा करी आणि गिऱ्हाइकाला त्यात फिरवून आणी. फक्त घरचा जुना कॉम्प्युटर मांडवाच्या दारातच बंद पडायचा.

आणि आता अकोल्याहून मोठं बोलावणं आलं होतं. जठारपेठेतल्या गीतांजलीताईंच्या मुलाचं डिसेंबरात लग्न होतं. रविवारी लॉनवर येऊन सजावट दाखवा, म्हणाल्या होत्या. त्याच आठवड्यात पुण्याच्या एका कंपनीचंही पत्र आलं होतं, जानेवारीपासून रुजू व्हा म्हणून. दामिनीनं घरात स्वच्छ सांगून टाकलं, "बाबा, अकोल्याचं काम मिळालं अन् नीट पार पडलं, त मी इथंच राह्यते. नाही त पुणं."

"जाय न! आमचं काय अडते?" उत्तमराव म्हणाले होते, आणि त्या दिवशी दुकानात त्यांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला किलोच्या जागी सव्वा किलो कांदे मोजून दिले होते. एकुलती एक पोरगी पुण्याला जाणार हा विचारच त्यांना सहन होत नव्हता. पण हे बोलायचं कसं, ते त्यांना येत नव्हतं. म्हणून मग ते लॅपटॉप घ्यायला आले होते.

चंदननं दोन लॅपटॉप शेजारी शेजारी उघडून ठेवले. "दोन्हीची किंमत जवळपास सारखीच आहे, ताई. यात वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, डिझाइन जरा हळू फिरन. पण स्क्रीन मॅट आहे अन् उजेड भरपूर, उन्हात बी दिसते. हलका आहे, बॅटरी दिवसभर चालते. अन् या दुसऱ्यात ग्राफिक्स कार्ड आहे, डिझाइन भिंगरीसारखं फिरन. पण स्क्रीन चकचकीत अन् मंद, वजन जास्त, बॅटरी लवकर उतरते. दोन्ही गोष्टी एकात पाहिजे असतीन त बजेट वाढवा लागन."

"मॅटवालाच बरा," दामिनी म्हणाली. "मले बाहेर नेऊन दाखवा लागते."

उत्तमरावांनी मॅट स्क्रीनवरून अंगठा फिरवला. नाकाशी नेऊन वास घेण्याचा मोहही त्यांनी महत्प्रयासानं आवरला.

"शिळी आहे," ते म्हणाले.

"काय?"

"स्क्रीन. चमक गेली याची. असं वांगं माह्या दुकानात आलं, त मी जनावराले घालतो."

"काका, ती मॅट असते. मुद्दाम तशी बनवतात—"

"शिळं वांगं बी कोणी मुद्दाम बनवत नाही, पोरा. होते ते." आता त्यांनी दुसऱ्या लॅपटॉपकडे मोर्चा वळवला. काळ्याशार काचेत त्यांना आपला चेहरा मिशीसकट लख्ख दिसला. "हे पाय! आत्ता तोडून आणल्यावानी. अन् वजन पाय. आकाराच्या मानानं जड आहे, म्हणजे आत गर भरला आहे." तेवढ्यात आतला पंखा घुर्र करून फिरला. "अन् जित्ता बी आहे!"

चंदननं शेवटचा प्रयत्न केला. "काका, दुकानातल्या उजेडावर जाऊ नका. दोन मिनिटं बाहेर उन्हात नेऊन पाहा."

"मले उजेडाचं शिकवतं का तू?"

हे वाक्य उत्तमराव म्हणाले, हे वाचणाऱ्यानं नीट लक्षात ठेवावं. कारण त्यांच्या दुकानावर तीस वर्षं लाल ताडपत्री बांधलेली होती, आणि ती काही पावसासाठी नव्हती. तिच्याखाली हिरवा टमाटाही असा लालबुंद दिसे की गिऱ्हाइकाचा हात आपोआप पिशवीकडे जाई. उजेडावर संसार उभा केलेला हा माणूस एका ट्यूबलाइटखाली फसला, आणि वर ऐटीत विचारता झाला, "बरं, वरून काय देतं?"

"माउस अन् बॅग देतो, काका."

"ते त देशीनच. ते शिळी स्क्रीनही टाक वरून. कोथिंबीर टाकतो तशी."

दामिनीनं कपाळाला हात लावला. पण बापाच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता, की तिच्यानं पुढं बोलवेना. घरी आल्यावर ती बराच वेळ त्या लॅपटॉपवर काहीतरी टाईप करत बसली होती. उत्तमराव लांबूनच त्याच्या चमकीचं कौतुक करत होते.

रविवारी दुपारी बारा वाजता अकोल्याच्या त्या लॉनवर ऊन असं होतं, की उभ्या माणसाचा पापड व्हावा. ऑक्टोबर महिना, आणि सावलीला एक झाड नाही. गीतांजलीताई मात्र छत्री न घेता ताठ उभ्या होत्या. मागे त्यांचे यजमान किसनराव, फक्त मान हलवण्यापुरते.

"जिथं मांडव पडणार, तिथंच पाहायचा, हे माझं पहिल्यापासून आहे," त्या म्हणाल्या. "दाखव, पोरी."

दामिनीनं प्लास्टिकच्या खुर्चीवर लॅपटॉप ठेवला, मांडव सुरू केला आणि बाजूला झाली.

"काय दिसते, काकू?"

"मी दिसते," गीतांजलीताई म्हणाल्या, आणि वाकलेल्याच होत्या म्हणून त्यांनी टिकली जरा सरळ करून घेतली.

किसनरावांनी मागून डोकावून पाहिलं. "सकाळचे पोहे मिशीतच आहेत माह्या," ते म्हणाले. त्या दिवसातलं त्यांचं हे पहिलं वाक्य.

दामिनीनं उजेड वाढवला. खुर्ची पूर्वेला फिरवली, मग पश्चिमेला फिरवली. प्रत्येक दिशेला गीतांजलीताईच दिसल्या. मग तिनं ओढणी काढून दोघींच्या डोक्यावरून घेतली, तर आत गीतांजलीताईंना घुसमटायला झालं. ग्राफिक्स कार्डाचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायला लागला, आणि बॅटरी उतरता उतरता पाव हिश्श्यावर आली.

"पोरी, आणखी दोन पार्ट्या येणार आहेत दाखवायला," गीतांजलीताईंनी घाम पुसत घड्याळाकडे पाहिलं. "त्याहिच्याजवळ कागदावर फोटो आहेत म्हणे. दिसतात तरी ते."

दामिनीनं बापाकडे पाहिलं. त्या नजरेत उत्तमरावांना पुण्याची बस दिसली. एका वांग्याच्या चमकीपायी आपण पोरीला घालवून बसलो, असं त्यांना उमगलं, आणि ते धावत आपल्या छोट्या हत्ती टेम्पोकडे गेले. गाडीत दुकानाची लाल ताडपत्री होती. तिची दोन टोकं त्यांनी गाडीच्या कठड्याला बांधली, तिसरं स्वतः धरलं, चौथं किसनरावांच्या हाती दिलं.

"जा, ताई, आत जा! आता दिसन!"

दोघी आत शिरल्या. बाहेर उत्तमराव हात वर करून उभे, आणि आत सगळं चिडीचूप. इतकी धाकधूक त्यांना दामिनीच्या परीक्षेच्या निकालालाही झाली नव्हती. मग एकदम गीतांजलीताईंचा आवाज आला.

"अगं बाई! काय रंग आहे हा!"

"कोणता, काकू?"

"हा फुलांचा! ना पांढरा, ना गुलाबी. लोण्यात कुंकवाचं बोट बुडवल्यासारखा. थांब, फोटो काढू दे मला. हाच पाहिजे. हुबेहूब हाच."

"काकू, खरं म्हणजे ही शेवंती पांढ—"

"पडला समजा हा रंग, ताई!" बाहेरून उत्तमराव ओरडले. गिऱ्हाइकाला नाही म्हणायची सवय त्यांच्या जिभेला नव्हती. आणि नेमकं त्याच क्षणी बॅटरी संपून लॅपटॉप बंद पडला, त्यामुळे आणखी कोणाला काही बोलायला जागाच उरली नाही. गीतांजलीताईंनी किसनरावांच्या हातून नारळ देववला आणि काम पक्कं झालं.

मूर्तिजापूर आलं तेव्हा गाडीत दामिनी म्हणाली, "बाबा, तुमी काय कबूल केलं, माहीत आहे का?"

"रंग कबूल केला."

"कायचा?"

"शेवंतीचा."

"शेवंती पांढरी आहे. तो रंग आपल्या ताडपत्रीचा पडला होता, स्क्रीनवर. तसं फूलच नाही, बाबा, जगात."

उत्तमरावांनी गाडी बाजूला घेतली आणि बाटलीतलं सगळं पाणी पिऊन टाकलं.

खरं सांगून मोकळं व्हावं म्हणून दामिनीनं दुसऱ्या दिवशी फोन केला. पलीकडे गीतांजलीताई साडीच्या दुकानात होत्या. "अगं, बरं झालं फोन केलास. तो फोटो दाखवून अकरा साड्या घेतल्या त्याच रंगाच्या. मांडवात शोभायला पाहिजे न! तुझं काय होतं?" दामिनी म्हणाली, "काही नाही, काकू," आणि फोन ठेवून दिला.

मग सुरू झाली फुलाची शोधाशोध. नागपूरहून जरबेरा मागवला, तो लिपस्टिकसारखा भडक निघाला. गुलाब आणले, ते दोन दिवसांत माना टाकून बसले. शेवटी उत्तमरावांनी परसात टोपलंभर बीट किसलं आणि त्या पाण्यात शेवंती बुडवली. फुलांचा रंग भांडी पुसायच्या फडक्यासारखा झाला. उत्तमरावांच्या हातांवर मात्र मनगटापर्यंत तोच हवा तो रंग चढला, आणि चार दिवस उतरला नाही.

"मांडवाले हातच लटकवा मंग तुमचे," त्यांची बायको शकुन म्हणाली.

उत्तमरावांना एरवी याचा राग आला असता. पण त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं. माळ्यावरची मोठी बॅग खाली आली होती आणि दामिनीच्या खोलीत उघडून ठेवली होती. तिच्यात पोरगी काय भरून राहिली, हे विचारायचा त्यांना धीर झाला नाही. ते गुपचूप दुकानात जाऊन बसले.

लग्नाला आठ दिवस उरले होते. दुकानावर पौर्णिमाबाई आल्या, नेहमीच्या गिऱ्हाईक, हातात पिशवी आणि डोळ्यांत आग.

"भाऊ, हे काय टमाटे दिले तुमी? इथं पाह्यले त लालभडक, घरी नेऊन पाह्यले त हिरवे!"

"पिकतीन, ताई, दोन दिवसात," उत्तमरावांनी तीस वर्षांचं ठरलेलं उत्तर दिलं. आणि बोलता बोलता ते थांबले. त्यांनी पिशवीतला हिरवा टमाटा हातात घेतला, ताडपत्रीखाली धरला, उन्हात धरला, पुन्हा ताडपत्रीखाली धरला. मग मान वर करून त्या जुन्या लाल कापडाकडे पाहतच राहिले.

"ताई! तुमी देवावानी आल्या!" म्हणत त्यांनी पौर्णिमाबाईंची पिशवी वांगी, मिरच्या, मेथी, जे हाताला लागेल त्यानं भरून दिली. बाईंनी घाबरून ती घेतली आणि मागं न पाहता चालू लागल्या.

पुढचे तीन दिवस उत्तमराव इतवाऱ्यात टमाटेवाल्यांच्या हातापाया पडत हिंडले. चौदा ताडपत्र्या जमल्या. शकुननं त्या दोन पाण्यांनी धुतल्या, दामिनीनं त्यांना पांढरी झालर लावून सुंदर छत शिवलं. लग्नाच्या दिवशी इतवाऱ्यातले सगळे टमाटे जसे होते तसे दिसले, आणि फार कमी विकले गेले, असं म्हणतात.

मांडव उभा राहिला. खाली सगळी पांढरी शेवंती, वर लाल छत, आणि साडेअकराच्या उन्हात फुलं अशी दिसायला लागली, की दामिनीच्या डोळ्यांत पाणीच आलं. लोण्यात कुंकवाचं बोट, हुबेहूब. मुहूर्त बारा पाचचा होता. उत्तमरावांनी देवाचे आभार मानले, आणि बाराला पाच कमी असताना त्यांच्या लक्षात आलं, की नवरदेवाची वरात अजून नाक्यावरच नाचून राहिली आहे.

साडेबारा झाले. एक वाजला. वरात जागची हलेना. सूर्य मात्र कोणासाठी थांबत नव्हता. लॉनच्या पश्चिमेला तीन मजली इमारत होती, आणि ऊन तिच्यामागं गेलं की मांडवाचा पांढराफटक चुना होणार होता.

"बाबा, दोन वाजेपर्यंतच आहे उजेड," दामिनी म्हणाली.

उत्तमराव जन्मात कधी नाचले नव्हते. स्वतःच्या वरातीतही ते हाताची घडी घालून उभे होते. पण त्यांनी बॅगेचा विचार केला, डोक्याला गमछा बांधला आणि ते सरळ बँडपुढं घुसले. असे नाचले, असे नाचले, की वाजवणारेही चेकाळले. नाचता नाचता ते एकेक पाऊल मांडवाकडे मागं सरकत होते आणि अख्खी वरात त्यांच्यामागं ओढली जात होती. "हा कोण आहे हो?" असं वरमंडळींनी मुलीकडच्यांना विचारलं, आणि मुलीकडच्यांनी वरमंडळींना. तेवढ्यात वरात मांडवाच्या दारात पोचलीसुद्धा.

दोनला दहा मिनिटं असताना अंतरपाट दूर झाला. फुलं गुलाबी, नवरानवरी गुलाबी, भटजीही गुलाबी. अकरा साड्या त्या उजेडात आणखी दोन पायऱ्या लाल झाल्या होत्या, पण अक्षता टाकण्याच्या गर्दीत कोणाला त्याचं काही नव्हतं. उत्तमराव एका खांबाला टेकून धापा टाकत बसले.

जेवणाच्या पंगती सुरू झाल्या आणि ऊन इमारतीमागं गेलं. आधी एक कोपरा पांढरा झाला, मग दुसरा, मग अख्खा मांडव.

"उत्तमराव!" गीतांजलीताई ताट टाकून येत होत्या. "हे काय झालं?"

"पिकतीन, ताई, दोन—" सवयीनं त्यांच्या तोंडून निघालं आणि त्यांनी जीभ चावली.

"रंग बदलणारा मांडव!" गीतांजलीताईंनी त्यांचा हातच धरला. "लग्न लागताना कुंकवाचा अन् जेवताना चांदण्यासारखा! अन् हे तुम्ही मला आधी सांगितलं नाही? आमच्या दर्यापूरच्या वन्सं भांडायला उठल्यात माझ्याशी. त्यांच्या पोरीच्या लग्नाला हाच पाहिजे म्हणतात, फेब्रुवारीत."

मागं किसनराव मान हलवत होते.

परत येताना गाडीत ताडपत्र्या होत्या, उरलेली शेवंती होती, आणि ती मोठी बॅग होती. बॅगेत दोरे, रिबिनी आणि कात्र्या भरलेल्या होत्या. उत्तमरावांनी ती तीनदा वळून पाहिली. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"पुण्याचं काय ठरलं मंग?"

"त्याहिले मी कवाचंच 'नाही' म्हणून कळवलं."

"कवा?"

"आपण लॅपटॉप घेतला, त्याच दिवशी. घरी येऊन पहिली मेल त्यावरून तेच टाकली." दामिनी समोरच्या रस्त्याकडे पाहत होती. "तुमी त्याले टिचकी मारून पाह्यली. स्क्रीनले शिळी म्हटलं. म्हटलं, या माणसाले एकटं सोडून जाणं काही बरं नाही."

"मंग सांगतलं काहून नाही मले? दोन महिने जीव टांगणीले लागला माहा!"

"सांगतलं असतं, त आज नाचले असते का तुमी?"

उत्तमरावांना इतका आनंद झाला, की समोरचा रस्ता दिसेनासा झाला. गाडी हळू करून त्यांनी गमछ्यानं डोळे पुसले, मिशी पुसली, उगाचच समोरची काचही पुसली. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे," ते म्हणाले, "लॅपटॉप मी बरोबरच निवडला होता न!"